मोगऱ्याचं तोडलेलं पाणी

दुधीच्या वेलाला त्या उन्हाळ्यातलं पहिलं फळ लागलं ते सगळ्यांच्या आधी मला दिसलं. मी हाक मारून सासूबाईंना बोट दाखवलं. त्यांनी हातातलं खुरपं तिथंच टाकलं, दोन ढांगांत माझ्यापाशी आल्या आणि माझं ते बोट धरून मधल्या पेरातून असं दुमडलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“कवळ्या फळाला सरळ बोट दावत न्हाईत. कुजतं ते,” त्या म्हणाल्या. “दावायचंच आसंल तर वाकडं करून दाव. न्हाईतर गप ऱ्हा.”

मी मूळची भिंगारची. वडील छावणीच्या कचेरीत कारकून. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. भाजी बाजारात पाटीतच जन्माला येते, इतपतच माझं शेतीचं ज्ञान. सतराव्या वर्षी लग्न होऊन राहुरीच्या बाजूला, मुळेकाठच्या या मळ्यात आले होते. मनात म्हटलं, बोटानं कुजत असतं तर आमच्या छावणीतल्या सार्जंटानं आजवर अख्खी पलटण कुजवली असती. हे अर्थातच मी तोंडानं बोलले नाही. पण चौथ्या दिवशी तो करंगळीएवढा दुधी पिवळा पडून गळला. सासूबाईंनी तो उचलला, मातीत लोटला आणि पुढच्या वाफ्याकडं गेल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचं न बोलणं मला जन्मभराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं आहे.

माझा स्वभाव आधीपासून उतावळा. दूध तापायला ठेवलं की झाकण दहादा उचलायचं, पत्र टाकलं की दुसऱ्या दिवसापासून उत्तराची वाट बघायची. भेंडीचं बी टोकलं की तिसऱ्या दिवशी मी ते उकरून बघत असे, मोड आलाय का नाही. एकदा सासूबाईंनी मला तशी ओणवी पकडली.

“काय हरवलंय?”

“काही नाही आत्याबाई. उगवतंय का बघत होते.”

“उकरून बगितल्यावर कोन उगवंल? तूच सांग.”

माझे यजमान साखर कारखान्यात फिटर होते. शनिवारी संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे. ही गोष्ट ऐकून ते म्हणाले, उतावळ्या नवऱ्यानं गुडघ्याला बाशिंग बांधायचं असतं, पण आमच्या घरात ते बायकोनंच बांधलंय. मामंजी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या फारशा हसतच नसत. उंच, काटक, नाकाच्या सरळ रेषेत चालणारी बाई. मामंजी मोट हाकायचे, ऊस-ज्वारी बघायचे. पण विहिरीमागचे भाजीचे वाफे आणि थारोळ्याच्या कडेची मोगऱ्याची सहा झाडं सासूबाईंची होती. मोटेचं पाणी थारोळ्याच्या दगडी कुंडात पडून पाटाला लागायचं. त्यातलं किती भाजीकडं वळायचं हे त्या ठरवायच्या, आणि मामंजीसुद्धा त्यात बोलायचे नाहीत.

मुळेवर तेव्हा धरण नव्हतं. होळी झाली की नदीची वाळू उघडी पडायची आणि विहिरीचं पाणी रोज एक पायरी खाली जायचं. मोट सकाळी दोन तास चालायची, मग बैल सोडायचे. एवढ्या पाण्यात सासूबाई गवार, भेंडी, चवळी, काकडी, दोडका, दुधी एवढं सगळं जगवायच्या. वाफ्यांवर उसाचं पाचट अंथरायच्या. दक्षिणेच्या अंगाला एरंड लावलेले असत, दुपारचं ऊन त्यांनी आपल्या अंगावर घ्यायचं. दुधीच्या बुडाशी त्यांनी फुटकी मडकी पुरली होती. मडक्याच्या तळाला भोक, भोकात चिंधीची वात. सकाळी मडकं भरलं की दिवसभर थेंब थेंब पाणी मुळांना मिळायचं. त्या मडक्यांत हात घालून पाणी किती उरलंय ते मी दर तासाला बघत असे, तर त्यांनी मडक्यांवर दगड ठेवले.

त्या पहिल्या उन्हाळ्यातच मला दिवस गेले. तिसरा महिना लागायच्या आत मी ही गोष्ट सगळ्यांना सांगून मोकळी झाले होते. वडिलांना पत्र धाडलं. शेजारच्या मळ्यातल्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, त्यांना विहिरीवरच सांगितलं. काकूंना सांगितलं म्हणजे पंचक्रोशीत दवंडी पिटल्यासारखंच. एका संध्याकाळी चवळीच्या शेंगा सोलता सोलता मी सासूबाईंना माझ्या आईची गोष्ट सांगितली. मी पोटात असताना आईची वाडी भरली होती. वैशाखाचा महिना. डोक्यापासून कमरेपर्यंत मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं पांढरं. मी ते पाहिलेलं नव्हतं, मावशीनं सांगितलेलं. आईचं मला दुसरं फारसं काही आठवत नाही, पण ही न पाहिलेली गोष्ट लख्ख आठवते.

“माझी पण तशीच भरायची हं आत्याबाई,” मी म्हणाले.

“आमच्यात फुलांची वाडी भरीत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “हिरवी चोळी आन् व्हटी. बास.” आणि शेंगांची टोपली उचलून आत गेल्या.

चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोन दिवस काकू उशाशी बसून रडल्या, देवाला बोल लावला, कुणाची नजर लागली असेल त्याची यादी केली. सासूबाईंनी मला भाकरी चुरून दूध दिलं, पांघरूण सारखं केलं आणि मळ्यात गेल्या. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. ओळीनं दोडक्याच्या वेलांना काठ्या बांधत होत्या. मला त्या घडीला त्यांचा इतका राग आला की तो राग धरूनच मी अंथरुणातून उठले असं म्हणायला हरकत नाही.

आणि रागाच्या खाली एक भीती बसली होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. ज्या गोष्टीला मी हसले होते तीच मला टोचू लागली. मी माझ्याच पोटाकडं सरळ बोट दाखवत गावभर फिरले होते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी कुणाला सांगितलं नाही. यजमानांना सांगितलं, तेही त्यांनी विचारल्यावर. सासूबाईंना सांगावं लागलं नाही, त्यांनी माझ्या पुढ्यातली घागर काढून घेतली त्यावरून कळलं की त्यांना कळलंय. पण तोंडातून अवाक्षर नाही. तिसऱ्या महिन्यात चोरचोळी करतात, कुणाला न कळू देता पोटुशीला हिरवी चोळी देतात, तीही नाही. काय खावंसं वाटतं, हा प्रश्न नाही. बोलायच्या त्या फक्त भाजीबद्दल. गवारीवर मावा पडलाय, राख टाक. काकडीचा शेंडा खुड. बस झालं, सावलीत जा.

पौष गेला. माघ लागला आणि मला घरात बसवेना. चौथा महिना. सकाळी उठल्याबरोबर मी पोटावर हात ठेवून बघायची. दिवसातून वीसदा आडोशाला जाऊन लुगडं तपासायची. बसले तर उठावंसं वाटायचं, उठले तर बसावंसं. चुलीमागच्या भिंतीवर मी कोळशानं रोज एक बारीक रेघ मारत होते. तिकडं लढाई चालू होती. रॉकेल शिधापत्रिकेवर मिळायचं, भिंगारला गोऱ्या सोजिरांच्या लॉऱ्या दिवसरात्र जातात असं वडील लिहायचे. मला त्या लढाईचं काही पडलं नव्हतं. माझी सगळी लढाई त्या भिंतीवरच्या रेघांत होती. गेल्या वर्षी ज्या दिवशी सगळं संपलं होतं, तेवढ्या रेघा झाल्या आणि त्याच्यापुढं आठ झाल्या.

नवव्या रेघेच्या सकाळी सासूबाईंनी मोगऱ्याच्या सहाही झाडांचं पाणी तोडलं. पाटाला मातीचा बांध घातला आणि पायानं थापटून पक्का केला.

मोगऱ्याला ताण देतात हे मला तोवर ऐकून माहीत झालं होतं. पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, पानं गळाली की छाटायचं, मग शेणखत घालून पाणी सोडायचं. जीव घाबरा झालेलं झाड मग फुलांनी भरून येतं. पण लोक हा ताण संक्रांतीच्या सुमाराला देतात, म्हणजे पाडव्याला फुलं हातात येतात. काकूंच्या मोगऱ्याला तर नवी फूटसुद्धा आली होती. आणि आमच्या सासूबाई फाल्गुन लागल्यावर, उन्हाचा चटका सुरू झाल्यावर पाणी तोडत होत्या.

“आता का हो आत्याबाई? उशीर नाही का झाला?”

“माजं मला ठावं हाय.”

“मरतील ती झाडं.”

“मरत न्हाईत. तू त्यास्नी हात लावू नगस.” एवढं बोलून त्यांनी पाटाचं दार भेंडीकडं वळवलं.

आठ दिवसांत झाडं मलूल झाली. पानांच्या कडा आत वळल्या. बाराव्या दिवशी पानं खालून पिवळी पडायला लागली. चार हातांवर थारोळं, रोज सकाळी त्यात धोधो पाणी पडायचं, आणि ही झाडं कोरडी. मी दिवसातून दहा फेऱ्या मारायची. मातीत बोट खुपसून बघायची. माती भाजलेल्या चण्यासारखी. मला त्या झाडांकडं बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. आज कळतं की मी झाडं बघतच नव्हते. या बाईला कुणाचीच दया येत नाही, हे मी स्वतःला दाखवून देत होते. मला एक शब्द देत नाही, झाडाला पाणी देत नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

तेराव्या दिवशी दुपारी सासूबाई ओसरीत आडव्या झाल्या होत्या. मामंजी बैलांपाशी झोपले होते. मी पायात काही न घालता निघाले, वाजू नये म्हणून, आणि तापलेल्या फुफाट्यातून थारोळ्यापर्यंत अक्षरशः नाचत गेले. थारोळ्यावर तांब्याची कळशी पालथी घातलेली असायची. ती बुडवली, कडेवर घेतली आणि सहाही झाडांच्या बुंध्याशी थोडं थोडं पाणी ओतलं. माती चर्र वाजली. वर पाचट सारखं केलं, म्हणजे ओल दिसू नये. परत येताना पुष्कळ दिवसांनी मला पोटभर श्वास आला.

मग रोजच. दुपारी एक कळशी, कधी दोन. झाडं सावरली. पिवळी पानं गळाली तेवढीच, बाकीची हिरवी राहिली. मला वाटायचं, मी एकटीनं सहा जीव वाचवले. मोठा पराक्रम.

चार-पाच दिवसांनी एका दुपारी थारोळ्यावर कळशी नव्हती. तिच्या जागी एक साधा तांब्या होता, पालथा घातलेला. मी चरफडले. कुणी नेली असेल कळशी, तिलाही आताच जायचं होतं. मग त्या तांब्यानंच पाणी घातलं. सहा झाडांना बारा खेपा झाल्या. ऊन टाळूवर उतरत होतं, पण मी खेपा मोजून केल्या आणि रोज केल्या.

रंगपंचमीला सासूबाईंनी झाडं छाटली. उरलेली पानं हातानं ओरबाडून काढली, बुडं उकरली, शेणखत घातलं. एका झाडाच्या बुडाची माती त्यांनी चिमटीत घेतली, बोटांनी चोळली आणि खाली टाकली. मी श्वास धरून उभी होते. त्या पुढच्या झाडाकडं वळल्या. पाडव्याला बांध फोडून पाणी सोडलं.

झाडं अशी तरारली की काकू बघायला आल्या. फांदी फांदीला फूट, पानं तेल लावल्यासारखी. चैत्रभर मी त्या झाडांकडं अभिमानानं बघत होते. मला सहावा महिना होता. पोटात हालचाल कळायला लागली होती, तरी माझी तडफड कमी झाली नव्हती. आता हालचाल थांबली की जीव खालीवर व्हायचा. दुपारी झोपेत असलं तरी पोटावर टिचकी मारून मी त्या पोराला जागं करत असे. उकरून बघण्याची सवय, ती कुठं जाणार.

सासूबाई मात्र रोज सकाळी मोगऱ्यापाशी थांबायला लागल्या. शेंडे वर करून बघायच्या, पानांच्या बेचक्यात बघायच्या. त्यांना असं कशाशी घुटमळताना मी कधी पाहिलं नव्हतं. चैत्र संपला तरी त्या सहा झाडांवर मोजून पाच कळ्या नव्हत्या. नुसती पानंच पानं.

काकू म्हणाल्या, “आवं, ह्ये माजलंय झाड. ताण बसलाच न्हाई त्येला. पानी मुरत आसंल कुठनं तरी.”

“मुरत आसंल,” सासूबाई म्हणाल्या.

मी तिथंच चवळी तोडत होते. तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. मोगरा हिरवागार होता आणि वाया गेला होता. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडंच. एक वर्ष देवाला हार नाही गेला तर काय बिघडतं, असं मी मनाशी म्हटलं. सांगून टाकावं असंही वाटलं. पण ज्या बाईनं पाच महिने माझ्याशी पोराबद्दल शब्द काढला नाही, तिच्याशी मी तरी मोगऱ्याबद्दल का बोलू.

वैशाखातल्या एका शनिवारी यजमान नेहमीपेक्षा लवकर आले. सायकलला पिशवी, पिशवीत हिरवं लुगडं. मला काही सांगेनात. सासूबाई चुलीपाशी होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “डोक्यावरनं न्हाऊन घे. सांजच्याला तुजी वाडी भरायची हाय.”

मी उभीच राहिले. आमच्यात फुलांची वाडी भरत नाहीत, हे वाक्य मला आठवलं. चवळीच्या शेंगा आठवल्या. मग सगळं एकामागून एक आठवत गेलं, आणि ते मला थांबवता येईना. चौथ्या महिन्याचा तो दिवस सरल्यावर नवव्या सकाळी तोडलेलं पाणी. उशिरा दिलेला ताण. फाल्गुनात पाणी तोडलं, पाडव्याला सोडलं, म्हणजे फुलं वैशाखात येणार. सातव्या महिन्यात. त्या बाईनं मनात दिवस मोजून, माझ्या मेलेल्या आईच्या वाडीची फुलं माझ्यासाठी लावून ठेवली होती, आणि मी रोज दुपारी चोरून जाऊन ती बुडवली होती.

मी मोगऱ्यापाशी गेले. सहा झाडांत शोधून शोधून अकरा कळ्या मिळाल्या. त्या ओंजळीत धरून तिथंच मातीत बसले आणि रडले. सातव्या महिन्यात रडू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

उन्हं कलल्यावर सासूबाई सूप घेऊन मळ्यात गेल्या. दोडक्याची पिवळी फुलं उन्हं उतरताना उमलतात, आणि दुधीची पांढरी त्यांच्या मागोमाग, दिवेलागणीला. त्या वेलावेलानं फिरत होत्या. मी लांबून बघत होते. प्रत्येक फूल तोडायच्या आधी त्या त्याच्यामागं बघायच्या. ज्याच्या मागं इवलासा दुधी असेल त्याला सोडायच्या, नुसत्या देठावरचं तेवढं घ्यायच्या. तसली फुलं वेलाला पुष्कळ येतात, त्यांना फळ धरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात भज्यांसाठी फुलं तोडताना त्यांनीच मला ती ओळखायला शिकवली होती.

केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात त्यांनी ती ओवली. दुधीची पांढरी फुलं कागदासारखी पातळ असतात, सुईनं फाटतात. त्यांनी एकही फाटू दिलं नाही. माझ्या अकरा कळ्या मुकुटात मधोमध बसवल्या. काकू मदतीला आल्या होत्या. सुपातलं एक फूल उचलून म्हणाल्या, “वांझ फुलं घेतलीसा व्हय? बरं केलंसा, वेलाचं नुकसान न्हाई.”

“मोकळी फुलं म्हन,” सासूबाई म्हणाल्या.

“आता मोकळी काय आन्—”

“मोकळी म्हन. ह्या घरात मोकळीच म्हनायचं.”

काकूंनी ते फूल सुपात परत ठेवलं. मी दुसरीकडं बघितलं. पहिल्या उन्हाळ्यात मला शिकवताना सासूबाईंनीच त्या फुलांना वांझ म्हटलं होतं, अगदी सहज, सगळे म्हणतात तसं. त्यांनी तो शब्द केव्हा टाकून दिला ते मला माहीत नव्हतं. पण माझं पहिलं गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी तो ऐकला नव्हता, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. मी तेव्हा खिडकीतून त्यांना वेलांना काठ्या बांधताना बघत होते आणि त्यांचा तिरस्कार करत होते.

ओटी भरून झाली, काकूंनी एक ओवी म्हटली, बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. मी पाटावर तशीच बसून होते, कमरेपर्यंत पांढरी-पिवळी. फुलांना मोगऱ्याचा वास नव्हता, हिरव्या भाजीचा वास येत होता. सासूबाई कंबरपट्टा सोडायला खाली बसल्या तेव्हा मी बोलून टाकलं.

“आत्याबाई, मोगऱ्याला पाणी मी घातलं. रोज दुपारी. चोरून.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिसापासनं. तुज्या पायाला फोड आल्तं. आन् पाचट कोन उलटं अंथरतं का?” त्या दोऱ्याची गाठ सोडत होत्या. गाठ निघत नव्हती म्हणून दातानं सोडली. “कळशी मीच उचलली. तांब्या ठिवला.”

त्या कळशीवर चरफडलेली मी मला आठवले. बारा खेपा आठवल्या.

“मग मला थांबवलं का नाही? एक शब्द बोलायचा होता. फुलं तुम्ही माझ्यासाठीच...”

“काय सांगायचं तुला?” त्या पहिल्यांदा चिडल्या. आवाज मात्र खालीच होता. “सातव्यासाठी फुलं धरल्यात म्हनून सांगू? चवथा सरला न्हाई तवर सातव्याचं नाव घिऊ? फुलं गेली तर गेली. तोंडानं बोलायचं माज्याच्यानं व्हत नव्हतं.”

मग उठल्या आणि फुलं सुपात घालून, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून, वेलांच्या बुडाशी टाकून आल्या. आम्ही त्या विषयावर परत कधी बोललो नाही.

पुढचे दोन महिने मी शांत झाले असं लिहिलं तर ते खोटं होईल. पाऊस लांबला होता, उन्हाची तलखी तशीच होती, विहीर तळाला गेली होती, आणि मी घर-मळा घर-मळा येरझाऱ्या घालतच होते. फरक एवढाच की आता माझ्यामागं चार पावलांवर सासूबाई येरझाऱ्या घालायच्या, हातात उगाच खुरपं घेऊन. मी थांबले की त्या थांबायच्या आणि नसलेलं गवत काढायच्या. भिंतीवरच्या रेघा मी मारायचं सोडलं होतं. तरी एक दिवस बघितलं तर त्या वाढलेल्या होत्या. कोळशाच्या, पण माझ्यापेक्षा जाड.

माहेरी बाई माणूस नसल्यामुळं बाळंतपण मळ्यातच झालं. आषाढ सरता सरता, सकाळी, मोट चालू असताना मुलगी झाली. सुईण मुलीला पुसत होती. काकू दारातूनच विचारत होत्या, कशी हाय, कुनावर गेलीय. सासूबाई माझ्या उशाशी उभ्या होत्या. त्यांनी मुलीला दोन्ही हातांवर घेतलं, दाराच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग तिला डाव्या हातावर सांभाळून त्यांनी उजवा हात मोकळा केला.

“नाक बग,” त्या काकूंना म्हणाल्या. “आईचंच हाय. समद्यात खुपसायला.”

आणि त्यांनी त्या नाकाकडं बोट दाखवलं. मी अंथरुणातून बघत होते. बोट सरळ होतं.